मुनीमजी आणि मंगरूची कंपनी

लिलाधर मुनिमाच्या वहीत बावीस वर्षांत एकही खाडाखोड झाली नाही, हे दिघोरीकडच्या त्या राइस मिलमध्ये कोणीही सांगितलं असतं. कोणी नाही सांगितलं, तर लिलाधर स्वतः सांगे. पगार बेताचाच. सायकल गेली आणि जुनी मोपेड आली, एवढीच काय ती प्रगती. पण आपला कागद स्वच्छ आहे, या एका गोष्टीवर तो गावात मान ताठ ठेवून चालायचा.

मंगरू त्याच मिलमध्ये कट्टे उचलायचा. धानाने भरलेला कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, हेच त्याचं काम. पुढे तो हमालांच्या टोळीचा मुकादम झाला, मग ठेकेदार. इथवर लिलाधरने कसंबसं पचवलं, कारण ठेकेदार झाला तरी मंगरूला बिल लिहिता येत नव्हतं. "मुनीमजी, एवढं करून द्या नं," असं तो म्हणाला की लिलाधरला बरं वाटे. पण गेल्या उन्हाळ्यात मंगरूने चक्क कंपनी काढली. प्रायव्हेट लिमिटेड! तो आणि त्याची बायको बायाबाई, दोघं डायरेक्टर. ही बायाबाई कालपरवापर्यंत मिलच्या अंगणात सांडलेलं धान झाडून गोळा करायची.

"बायाबाई डायरेक्टर झाली म्हणते," लिलाधरची बायको रत्नमाला जेवताना म्हणाली. "अन् तुमी बावीस वर्षांपासून काय करून राहिले?"

लिलाधर ताटावरून उठला.

ठेकेदाराचं बिल देताना मिलने त्यातला थोडा कर आधीच कापून सरकारात भरायचा आणि कोणाच्या नावाने किती कापला ते दर तीन महिन्यांनी ऑनलाइन कळवायचं, हे मिलमध्ये लिलाधरचं काम होतं. ठेकेदार एकटा माणूस असेल तर शंभराला एक रुपया, कंपनी असेल तर दोन. कंपनीचं पॅन कार्डही वेगळं. मंगरूने तसं पत्र आणि नव्या पॅनची झेरॉक्स आणून टेबलावर ठेवली.

"आता बिल कंपनीच्या नावानं येईन, मुनीमजी."

"येऊ दे," लिलाधर म्हणाला आणि कागद खणात सारला.

जूनची तिमाही भरताना मात्र त्याचा हात अडला. याला आपण आपल्या बोटांनी 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहायचं? पाठ सोलून निघाली की तेल मागत याच दारात उभा राहणाऱ्याला? त्याने मंगरूचं जुनंच पॅन ठेवलं आणि एकच टक्का कापला. विसरला म्हणावं तर विसरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. निव्वळ जळफळाट होता तो. सप्टेंबरला तेच केलं, डिसेंबरलाही तेच. दर वेळी त्याला जरा गार वाटायचं. बाहेर कितीही मिरवू दे लेकाला, मिलच्या कागदावर तो नुसता मंगरू होता!

फेब्रुवारीत मंगरू ट्रकसाठी कर्ज मागायला भंडाऱ्याला बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी कंपनीच्या नावावर जमा झालेला कर पाहिला, तर काहीच नाही. मिलचं एवढं काम कंपनी करते, तर मिलने तसं कळवलेलं का नाही? महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती आणा, नाहीतर कर्ज विसरा, असं त्यांनी सांगितलं. मंगरू तिथून थेट मिलमध्ये आला. मिलचे मालक सेठजी लिलाधरच्या टेबलापाशीच बसले होते.

"काहून रे लिलाधर, हे कसं झालं?" सगळं ऐकून सेठजी म्हणाले. "दोन टक्के कापायचं तर एकच कापलं. बाकीचं आता व्याजासकट मिलच्या मानेवर येईन नं?"

मंगरूच्या हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल होती. तिच्यात सगळ्यात वर कंपनीच्या त्याच पत्राची प्रत होती आणि खाली 'मिळाले' असं लिहून लिलाधरची सही, तारखेसकट. कागद घेतला की पोच द्यायची, ही त्याचीच शिस्त. सेठजींनी नुसता हात पुढे केला असता, तर बावीस वर्षं त्या टेबलावर संपली असती.

मंगरूने लिलाधरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. याला सगळं समजलंय, हे लिलाधरला कळून चुकलं. मग मंगरूने फाइल उलटी करून काखेत धरली.

"मुनीमजीची काही गलती नाही, सेठजी," तो म्हणाला. "मीच कागद देला नाही. देतो देतो म्हणलं अन् घरीच राहून गेला. जे कमी पडलं ते माह्या बिलातून कापा, व्याज बी."

"मले वाटलंच," सेठजी हसले. "आमच्या लिलाधरच्या हातून असं होत नाही."

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. लिलाधरने तो जाऊ दिला. भंडाऱ्याच्या सीएला फोन लावून त्याने दुरुस्ती हाती घेतली, तिन्ही तिमाह्यांत कंपनीचं नाव आणि नवं पॅन भरलं. मंगरू समोर बसून होता. "चहा सांगू का, मुनीमजी?" त्याने मध्येच विचारलं. लिलाधरने त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. टोमणा मारला असता तर किती बरं झालं असतं!

आजवर तो मंगरूच्या पैशावर, कंपनीवर, ट्रकवर जळला होता. पण जळताना मनात एक आधार होता: काही झालं तरी माणूस म्हणून आपण सरळ, तो आपल्या पासंगाला पुरणार नाही. आता तोही आधार राहिला नाही.

कर्ज मंजूर झालं त्या दिवशी मंगरूने मिलमध्ये पेढे वाटले आणि पहिला पेढा मुनीमजींच्या हातावर ठेवला. सगळ्यांसमोर लिलाधरला तो खावाच लागला. त्या क्षणी मंगरूचा जेवढा हेवा त्याला वाटला, तेवढा उभ्या आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.