सुकन्याचा मोटार मेकॅनिकचा अर्ज

दहावीत सुकन्याला चौऱ्याऐंशी टक्के पडले, त्या दिवशी तिच्या वडिलांनी, फौजेतल्या हवालदार मल्हारी घाडग्यांनी, दिल्ली कॅन्टमधल्या आपल्या क्वार्टरच्या आसपास कुणाला सोडलं नाही. पंजाबी, गढवाली, तमिळ, साऱ्यांच्या दारी बर्फी पोचली. "बिटिया इंजिनीअर बनेगी," हेही प्रत्येक दारात सांगून झालं.

चार दिवसांनी लेकीनं जेवताना विषय काढला. "पप्पा, मला अकरावी नाही करायची. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. फॉर्म निघालेत."

मल्हारींचा घास हातातच राहिला. साताऱ्याकडच्या गावातून भरती झाल्यापासून बावीस वर्षं ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये ट्रकची इंजिनं खोलत आणि जोडत आले होते.

"ते मुलींचं काम नाही," एवढंच बोलून ते उठले.

दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ओरडायचं तर ओरडा एकदाचं, पण असं गप्प नका बसू. पोरगी जेवत नाहीये."

संध्याकाळी मल्हारींनी सुकन्याला व्हरांड्यात बोलावलं. जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते लेकीला सांगितलं.

"बिघाड मी शोधतो, सुकू. रिपोर्टवर सही करतो तो माझ्या निम्म्या वयाचा डिग्रीवाला साहेब. चांगला आहे बिचारा. पण उभं मला राहावं लागतं आणि खुर्ची त्याला मिळते. तुझ्या वाट्याला हे नको."

सुकन्या म्हणाली, "पप्पा, एखादी गाडी हट्टानं सुरूच होत नाही आणि तुम्ही ती सुरू करता ना, त्या दिवशी घरी आल्यावर बूटसुद्धा काढत नाही. मम्मीला आधी सगळं सांगत बसता. मला तसं घरी यायचंय."

मल्हारींना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी आत बघितलं. द्वारकाबाई स्वयंपाकघरातून हसत मान डोलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते लेकीबरोबर आयटीआयच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. इथून पुढे शिकता येतं का, हे त्यांनी तिथल्या बाबूला तीनदा विचारलं. "बिल्कुल, सर. दोन साल के बाद पॉलिटेक्निक में सीधे दूसरे साल में दाखिला मिल सकता है. फिर डिग्री भी कर ले," बाबू तिसऱ्यांदाही न वैतागता म्हणाला.

"करशील?" त्यांनी विचारलं.

"करीन. पण आधी हे."

पालकाच्या रकान्यात त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

कोर्स सुरू व्हायच्या दिवशी सुकन्या निळा वर्कशॉपचा शर्ट कसाबसा इस्त्री करत होती. मल्हारींनी तो तिच्या हातातून काढून घेतला. कॉलर, खांदे, बाह्या, सगळं परेडला जायचं असल्यासारखं कडक केलं. शर्ट तिनं चढवल्यावर बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडून दिल्या.

"सैल ठेवायच्या नाहीत. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात अडकतात. आणि वेणी आत खोच."

"खोचली, पप्पा."

"अंगठी?"

"काढलीये."

आता सांगायचं काही उरलं नव्हतं. तरी ते तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेले, आणि बस येईपर्यंत तिच्या बाह्या पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.