अंगठा बोटांच्या रांगेत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मिस्त्रीकाकांचा हात त्यांच्या चुकीने मोडला नाही, माझ्या बोर्डामुळे मोडला. त्यांचा अंगठा जिथे असायला हवा तिथेच होता. मी समोर दोन पावलांवर उभा होतो आणि मी तो पाहिला होता.

एवढं लिहून उठलो, पाणी प्यायलो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आता बसलो आहे तर सगळंच लिहितो.

काकांचं गॅरेज बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात होतं आणि त्याच्या समोर माझं दुकान. मी शेतातल्या पंपांचे स्टार्टर आणि लूमचे पॅनल दुरुस्त करायचो. नव्या गाड्या तेव्हा पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनवर येऊ लागल्या होत्या, जुन्या अजून कार्ब्युरेटरवर अडून बसल्या होत्या, आणि आम्ही दोघं जुन्याला नवं जोडायला निघालो होतो. शाहपूरचे एक केळीवाले होते, त्यांची वडिलांपासूनची पेट्रोल जीप. उन्हाळ्यात ती बागेच्या रस्त्यावर हमखास बंद पडायची, पण विकायची म्हटलं की ते विषय बदलायचे. काका मला म्हणाले, भंगारातल्या गाडीचे इंजेक्टर मी बसवतो, त्यांना अक्कल तू दे.

अक्कल म्हणजे नखाएवढी एक चिप, मायक्रोकंट्रोलर. इंजिन किती फिरलं हे तिला कळलं की पेट्रोल कधी सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ती ठरवते. ते कळावं म्हणून इंजिनच्या पुढच्या टोकाला दात्यांचं एक चाक लागतं, छत्तीस दात्यांचं, त्यातला एक मुद्दाम काढलेला. ती रिकामी जागा आली की चिप ओळखते, एक फेरा झाला. ते चाक काकांनी लोखंडी पत्र्यातून हॅक्सॉ आणि कानशीने हातावर काढलं. मी कॅलिपर लावून मोजत गेलो आणि एकाही दात्याला नाव ठेवायला जागा सापडली नाही. ती चिप बसवायचा सर्किट बोर्ड मात्र मी घरी, इस्त्रीने छाप उठवून आणि औषधाच्या तपकिरी पाण्यात तांबं झिजवून केला होता. बोटं आठवडाभर पिवळी होती. काका लोकांना म्हणायचे, इंजिनियरला हळद लागली.

जीप न्यायला मालक येणार होते, त्याच्या दोन दिवस आधीची दुपार. बोर्ड टेबलावर होता, बाजूला ठिणगी पाडणारी कॉइल आणि प्लग. बॅटरी कमजोर पडली तर काय होतं ते बघावं म्हणून मी वीज हळूहळू कमी केली. एका जागी चिप बंद पडली, लगेच पुन्हा चालू झाली, आणि तेवढ्यात प्लगवर ठिणगी पडली. चाक फिरत नव्हतं, कुणी हुकूम दिला नव्हता. कारण मला त्याच क्षणी कळलं. चिप शुद्धीवर नसताना कॉइलकडे जाणारी तिची तार मोकळी सुटते, आणि मोकळी तार काहीही करते. तिला जमिनीशी, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाशी, बांधून ठेवायला एक छोटा रेझिस्टर लागतो. तो मी बोर्डाच्या आकृतीत काढायचाच विसरलो होतो. माझ्या खणात तसे शंभर होते.

मग का नाही लावला? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की उत्तर गुळगुळीत झालंय. सकाळीच काकांनी विचारलं होतं, "पक्का ना रे बोर्ड?" आणि मी म्हणालो होतो, पक्का. ज्या माणसाने छत्तीस दाते हाताने कानसले त्याच्यासमोर बोर्ड उलटा करून सोल्डरचा डाग लावायला मला लाज वाटली. बॅटरी चांगली असेल तर काही होत नाही, असं मी मनाला सांगितलं. पुढच्या बोर्डात टाकू.

जीप न्यायच्या दिवशी सकाळपासून स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. मालक आले होते, दोन-तीन ड्रायव्हर चहा घेऊन उभे होते. काकांनी सीटमागून हँडल काढलं. हातहँडलने इंजिन फिरवायचं काकांचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी अर्ध्या बुऱ्हाणपूरला शिकवलं होतं: हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, आणि अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही, चार बोटांच्या रांगेत ठेवायचा. इंजिनने उलटी लाथ मारली तर हँडल हातातून सुटतं, अंगठा अडकत नाही.

मी म्हणालो, काका, थोडं थांबा, दुसरी बॅटरी आणतो. त्यांनी हसून बघितलं. "बॅटरी बैठली आहे रे, आपण थोडेच बैठलो." ड्रायव्हर हसले. कारण सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी मागे सरलो.

त्यांनी हात वर करून सगळ्यांना पकड दाखवली, अंगठा बोटांच्या रांगेत. मग वाकले. पहिल्या ओढीला इंजिन नुसतं फुसकलं. दुसऱ्या ओढीला पेट्रोलचा पंप घरघरला, बॅटरी आणखी खाली बसली, बोर्डावरचा हिरवा दिवा गेला आणि आला. ठिणगी नको तेव्हा पडली आणि इंजिनने उलटी लाथ मारली. हँडल त्यांच्या हातातून सुटलं, जसं सुटायला हवं तसंच, पण गरकन उलटं फिरून त्यांच्या मनगटावर बसलं. आवाज झाला तो मी लिहीत नाही.

दवाखान्याकडे जाताना टेम्पोत ते माझ्या शेजारी होते. हात गमछ्यात बांधलेला, चेहरा राखेसारखा.  त्यांनी हळूच विचारलं, "तू समोर होतास. अंगठा कुठं होता रे माझा?"

"वळला होता, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "तर मग वय झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड उलटा करून मी रेझिस्टर लावला. पाच मिनिटं लागली. जीप सुरू झाली आणि आजही चालते. मालकांनी मावा जिलेबी वाटली, काकांच्या घरीही पाठवली. मीही खाल्ली.

मनगट वाकडं जुळलं. पान्याने नट कसताना शेवटचा पाव आटा, पाव फेरा, त्या हाताने बसेना, आणि तो पाव आटाच मिस्त्रीपण असतं. वर्षभरात त्यांनी गॅरेज बंद केलं आणि तापीपलीकडे जैनाबादला घरी बसले. कुणी शिकायला आलं की मनगट पुढे करून सांगायचे, माझ्यासारखं करू नका. माझं काम मात्र वाढत गेलं. आता प्रत्येक बोर्डावर मी आधी तो रेझिस्टर बसवतो, मग चिप. जैनाबादला जायला म्हणून कितीदा निघालो आणि तापीच्या पुलावरून गाडी वळवली.

गेल्या महिन्यात शाहपूरला लग्नात पंगतीत ते माझ्या समोर आले. उजवं मनगट वळत नाही म्हणून चमच्याने, डाव्या हाताने जेवत होते. त्या दिवशीचाच एक ड्रायव्हर, आता म्हातारा, वाढता वाढता म्हणाला, "मिस्त्री, चमचा सांभाळा, अंगठा रांगेत ठेवा." सगळी पंगत हसली. काकाही हसले, आणि चमच्याने माझ्याकडे दाखवत म्हणाले, "मला तर वाटत होतं बरोबरच होता. पण हा समोर होता, याला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वरण मागितलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानात सोल्डरिंगची सळई तापत ठेवतो आणि विसरतो. काका अजून आहेत, तो ड्रायव्हर आहे, जीपचे मालकही आहेत. अंगठा बरोबर होता, चूक बोर्डाची होती आणि ती मला दोन दिवस आधीपासून माहीत होती, हे मला काकांना त्या दोघांच्या समोर सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.