सातव्या पेटीचं काय करायचं

दारिंका चुलीवर कुट्टूच्या पिठाची उकड ढवळत होती. टेबलाशी आंगेलाबाई कॉफीत पाव बुडवून खात होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या सासूबाईंची खुर्ची मुद्दाम खिडकीशी लावलेली. तिथून मागच्या उतारावरचं मधमाश्यांचं घर स्पष्ट दिसे, आणि तिथं कोण, काय करतंय, हेही.

दारावर थाप पडली. शेजारचा विंको होता, चाळीस वर्षं माश्या पाळणारा.

"दारिंका, तुझी सातवी पेटी बरी दिसत नाही गं. बाकीच्या अकरांमध्ये माश्या पायांना पराग लावून शिरतायत, सातवीच्या मात्र दारात नुसत्या घुटमळतायत."

"अहो, तीच तर माझी सगळ्यात चांगली!" दारिंका म्हणाली. "परवाच पाहिलं. पोळ्याच्या एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी. राणी दांडगी आहे."

विंको हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दोघं उतार चढून गेली. पेट्या कपाटातल्या खणांसारख्या एकावर एक रचलेल्या. दारिंकाने सातवीचं मागचं दार उघडलं, थोडा धूर दिला आणि चिमट्याने पोळ्याची चौकट बाहेर ओढली.

"हे बघ," विंको म्हणाला. "राणी एका घरात एकच अंडं घालते, बरोबर तळाशी. ही भिंतीला चिकटलीयत. आणि ही टेंगळं? आत वाढणाऱ्या नरांची. राणी जाऊन महिना झाला असेल. कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात, त्यातून नुसते नरच निपजणार."

"मग नवी राणी आणू."

"मारून टाकतील. आपलंच राज्य आहे असं वाटतंय त्यांना."

"पण उपाय काहीतरी असेल ना?"

"एकच. दुपारी ऊन चढलं की सगळ्या गवतावर झटकायच्या आणि पेटी काढून टाकायची. मग त्या शेजारच्या पेट्यांत शिरतील; पोटात मध घेऊन आलेल्या माशीला तिथं सहसा हाकलत नाहीत. दोन आठवडे थांबलीस तर उरतील म्हाताऱ्या माश्या आणि ऐतखाऊ नर. मग कुणीच वाचणार नाही."

दारिंकाने चौकट परत पेटीत सरकवली. तिचा नवरा त्सिरिल जानेवारीत गेला. त्याच दुपारी, शवपेटीही आलेली नव्हती, तेव्हा सासूबाईंनी तिला बर्फातून इथं पाठवलं होतं. मालक गेला की पेट्यांना सांगावं लागतं, नाहीतर माश्याही मागोमाग जातात. बारा पेट्यांवर बोटाने टकटक करून ती म्हणाली होती, "तुमचा मालक गेला. आता मी आहे." माश्यांचं तिला अवाक्षर कळत नव्हतं. सासूबाई खिडकीतून मोजत होत्या.

तेव्हापासून ती बांधली गेली. लेक ल्युब्लियानाहून दर रविवारी फोन करून म्हणे, "ये ना गं, खोली तयार आहे." आणि दर रविवारी मागून सासूबाईंचा आवाज यायचा, "शब्द दिलाय तिने. बारा पेट्यांना."

खाली उतरून दारिंकाने सासूबाईंना सगळं सांगितलं.

"झटकायच्या?" आंगेलाबाईंनी चमचा खाली ठेवला. "त्सिरिलच्या बापाची पेटी ती. माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होणार नाही."

"आई, नाहीतर सगळ्याच मरतील."

"मरतात गुरं! माशी जाते, माणसासारखी. एवढंही शिकली नाहीस. पाच महिन्यांत एक राणी सांभाळता आली नाही?"

"त्सिरिलच्याही दोन गेल्या होत्या, आंगेलाबाई," विंको दारातून म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या माश्या आळशी, तुझ्यासारख्याच."

विंकोने टोपी डोक्यावर चढवली. दारिंका त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. मागे वळून पाहायची गरज नव्हती, खिडकीतली नजर पाठीला जाणवतच होती. ऊन चढू लागलं होतं. रात्री जेवताना सगळं ऐकून घ्यावं लागेल, आणि पुढचे कित्येक महिनेही. ते चालेल, तिने ठरवलं. ऐकताना माश्या तरी जिवंत असतील.

"मी येऊ का झटकायला?" विंकोने विचारलं.

"नको, मी करते. तुम्ही एवढंच करा, विंको. तुमच्या बायकोला सांगा, दोन वाजता आईंना कॉफीला बोलवायला. आणि तासभर बसवून ठेवायला."