रोवणीचा शर्ट

रोशनीच्या मोबाइलवरून फोन आला, म्हणूनच मी तो उचलला नाही. खोटं कशाला सांगू? नागपूरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मी नव्या कुर्त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि मनात आलं, झालं, हिचं पुन्हा सुरू. 'कवा येतेस?' हा एकच प्रश्न ती सहा महिने विचारत होती आणि मी दर वेळी नवी सबब शोधत होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडूनच उचलला आणि म्हटलं, "काय व, श्वास तरी घेऊ देशील?" पलीकडे रोशनीची माय होती. "प्रीती, आपली रोशनी नाई राहिली व बाई..." एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी हातातली चिठ्ठी कुर्त्याला लावली, पुढचा कुर्ता घेतला, त्यालाही लावली. असे बरेच कुर्ते झाले. मग बाजूच्या मुलीनं माझा हात धरला, कारण मी एकाच कुर्त्याला तीन-तीन चिठ्ठ्या लावत होते.

याला आता साडेतीन आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठते, उठल्यावर कशाला उठले ते आठवत नाही. घरचे म्हणतात, होईल हळूहळू कमी. मला ते कमी व्हायला नको आहे, हेही त्यांना सांगता येत नाही. बावीस वर्षांची मुलगी सिकलसेलनं जाते, आमच्या भागात हे काही आक्रीत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आमची ओळख पॅसेंजरमधली. गोंदियाच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. मी आमगावला चढायची, ती त्याआधी सालेकशाला चढलेली असायची. डब्यात जागा असो नसो, ही उभीच. एकदा मी तिच्यासाठी खिडकी धरून ठेवली, तरी बाईसाहेब बसल्या नाहीत. "एका जागी बसली का मायी हाडं ठणकतेत," ती म्हणाली. मला वाटलं, शिष्टपणा करते आहे. पुढे कळलं की लहानपणीच तिला सिकल निघाला होता, सरकारी दवाखान्याचं कार्ड तिच्या दप्तरात असायचं, आणि दुखणं उठलं की दोन-दोन, चार-चार दिवस ती अंथरुणावर तळमळत पडून राहायची. त्या चार दिवसांचं काम उरलेल्या दिवसांत उरकायचं, म्हणून तिला सगळ्याचीच घाई. बोलायची घाई, खायची घाई, उत्तरपत्रिका सर्वांत आधी देऊन बाहेर पडायची घाई. मी तिला 'एक्स्प्रेस' म्हणायची. ती मला 'मालगाडी' म्हणायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला उद्योजकता हा विषय आला. शिकवणारे सर तळमळीचे होते. नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या, हे ते इतक्यांदा म्हणायचे की मागच्या बाकावरची मुलं त्यांच्या आधीच ते वाक्य पूर्ण करायची. दोघादोघांनी मिळून एका धंद्याचा आराखडा करायचा होता. माझं आधीच ठरलेलं होतं : गोंदियात बुटिक. नवरीचे लेहंगे, काचेचं दार, आत एसी, बाहेर इंग्रजी अक्षरांत पाटी. रोशनीला शिवण येत होतं, मला कागदपत्र जमायचं, जोडी झकास होती. पण रोशनीनं माझं बुटिक दोन मिनिटांत निकालात काढलं.

"लेहंगा बाई जिंदगीत एक डाव घालते," ती म्हणाली. "रोवणी दरसाल येते."

तिला शर्ट शिवायचे होते. बायकांचे शर्ट, भाताच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, घालायचे. आमच्याकडे बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उतरलेली बाई पाहिली असेल तर लक्षात येईल : लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट असतो. उन्हाला, किड्यांना, धानाच्या पातीला तेवढाच आडोसा. खांदे कोपरापाशी आलेले, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, मोबाइल ठेवायला जागा नाही म्हणून तो पोलक्यात खुपसलेला. थंड चिखलात उभं राहिलं की रोशनीचं दुखणं उठायचं, म्हणून तिला रोवणीला कधी उतरूच दिलं नाही. ती लहानपणापासून धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बसून बायकांची लेकरं सांभाळायची आणि हे शर्ट पाहायची. "आपल्या मापाचा शर्ट एकाही बाईजवर नाई," हे ती अशा सुरात सांगायची, की जणू कुणी मुद्दाम केलेला अन्याय आहे.

मी तोंड वाकडं केलं, पण सरांना कल्पना आवडली. आम्ही चार गावं फिरलो, प्रश्नावली भरून घेतली. असा शर्ट मिळाला तर घालाल का? सगळ्या बायका 'हाव' म्हणाल्या. एकीनंही नाही म्हटलं नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती. गोंदियाच्या कापडबाजारातले शेठ मात्र आमच्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. "बेटा, औरतों का शर्ट? खेत के लिए? नया?" असं त्यांनी तीनदा विचारलं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला धंद्यातलं नवं कळत नाही. परीक्षा आटोपल्यावर रोशनीनं बारा शर्ट शिवले. खांदे नेमके, गुंड्या बायकांच्या बाजूला, आत कमरेपाशी मोबाइलसाठी प्लास्टिक लावलेला चोरखिसा. बारा बायकांना ते नमुना म्हणून वाटले आणि रोवणीची वाट पाहत बसलो.

रोवणी आली आणि गेली. एकही शर्ट बांधीत उतरला नाही. विचारलं की बायका म्हणायच्या, "हाये ना पेटीत, ठेवला हाये चांगला." नवऱ्यांचे फाटके शर्ट घालूनच सगळी रोवणी झाली. माझ्या डोक्यात तिडीक जायची. आणि दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आम्ही दोघी गेलो, तेव्हा आमचे शर्ट दिसले... एक, दोन, पाच, सात. सगळे पुरुषांच्या अंगावर! खांद्यांत आवळलेले, उलट्या बाजूच्या गुंड्यांशी झटापट करून कसेबसे लावलेले. एका काकांनी तर चोरखिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि आम्हाला म्हणाले, "खिसा मस्त ठेवला हो पोरींनो."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नवं कापड चिखलात कोण घालतं? नव्याला आधी हळदीचं बोट लागतं, मग ते नवरा घालतो, लग्नात, बाजारात, मंडईत. दोन-तीन वर्षांनी कॉलर फाटली की तो शर्ट बायकोकडे येतो, मग बांधीत उतरतो. बायकांनी आम्हाला फसवलं नव्हतं. त्या घालणारच होत्या, पण तो जुना झाल्यावर. आम्ही दोघी त्याच गावांत वाढलेल्या, आमच्या आयांनीही तेच केलेलं, आणि प्रश्नावलीत नेमका तेवढा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोशनी मात्र त्या गर्दीत पोट धरून हसत होती. हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मंग नवा शिवाचाच कायले? जुनाच आना म्हनू. नवऱ्याचा फाटका शर्ट आना, आमी तो तुमच्या मापाचा करून देऊ."

यावरून आमचं बिनसलं. लोकांचे घामट शर्ट उसवून शिवायला मी पदवी घेतली नव्हती, असं मी म्हणाले. त्याहून वाईटही बोलले, ते इथं लिहीत नाही. तिनं गावातच घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडली. मला नागपूरची नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती आमगावला आमच्या घरी आली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर शांत बसली. "तू शिवू नको," ती म्हणाली. "तू फक्त राय. मी पडून असन त्या दिवशी दुकान कोन उघडन? दोन डाव बंद दिसलं का बाई तिसऱ्या डाव येत नाई." तिनं माझ्याकडे याखेरीज कधीच काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "मले टाइम नाई व, प्रीती." मला वाटलं, ही तिची नेहमीचीच घाई आहे.

तेरवीला मी सालेकशाला गेले. गावातल्या बायका माझ्याशी नीटच वागल्या, त्यानं जास्त लागलं. जेवणं झाल्यावर रोशनीच्या मायनं मला पुढच्या खोलीत नेलं. मशीनशेजारी घडी केलेल्या शर्टांची चळत होती, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. "बाया विचारून राहिल्या," माय म्हणाली. "रोवणी तोंडावर हाये. वापस देऊन टाकू का?" मी वरचा शर्ट उलगडला. त्यावर खडूच्या रेषा होत्या. दुसरा उघडला, त्यावरही. दवाखान्यात न्यायच्या आधीचे आठ-दहा दिवस तिला मशीन चालवायची ताकद नव्हती, तेव्हा ती पडल्या पडल्या शर्टांवर नुसत्या खुणा करत होती, असं माय म्हणाली. मायनं विचारलं होतं, कापणार कोन? तर रोशनी म्हणाली होती, "रेघ असली का कोनीबी कापते."

मी कोनीबी होते. कात्री नि मशीन मला बेताचीच जमतात, पण रेघेवरून चालवता येतात. नागपूरला फोन करून चार दिवसांची सुट्टी मागितली. खडू भुरभुरीत होता, शर्ट हाताळला की रेघ फिकी व्हायची. तिचं काहीतरी माझ्याच हातानं पुसलं जातंय, या धास्तीनं मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कापत आणि शिवत बसायची. माय चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. गंमत म्हणजे तिच्या रेषा मला चुकीच्या वाटत होत्या. प्रत्येक शर्टाची पाठ पोटापेक्षा चांगली वीतभर लांब आणि काखेत जादा तुकडा. दुखण्यात हात हलला असेल, असं वाटून एकदा सरळ करायला निघाले होते. मग म्हटलं, जाऊ दे, तिचंच खरं. बडबडत, तिला शिव्या देत, जसं आखलं होतं तसंच शिवलं. चाराचे नऊ दिवस झाले.

परवा शेवटचा आखलेला शर्ट संपला. काल एक काकी नवा, म्हणजे जुनाच, शर्ट घेऊन आल्या. त्यावर रेघ नव्हती. मी टेप घेतला, त्यांना ताठ उभं केलं आणि खांद्यापासून माप घेऊ लागले.

"उभ्यानं कायले घेऊन राहिली व?" काकी म्हणाल्या. "आमी का उभ्यानं रोवतो?"

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्या कमरेतून वाकल्या, हात जमिनीशी, परे, म्हणजे भाताची रोपं, लावतात तशा. अंगातलं पोलकं वर सरकलं आणि पाठीचा खालचा भाग उघडा पडला. "रोशनी सबन बायांले असंच वाकवे," त्या खाली बघतच सांगत होत्या. "म्हने, मावशी, दिवसभर पाठ उघडी राहते तुमची, मी धुऱ्यावरून पाह्यलं हाये."

उद्योजकतेच्या वहीत मी किती काय लिहिलं होतं! ग्राहक, गरज, बाजारपेठ... आणि ही मुलगी बायांना वाकवून माप घेत होती. मला तिनं हे का सांगितलं नाही? सांगितलं असेल. एखाद्या न उचललेल्या फोनमध्ये असेल ते. मला रडू फुटलं. काकी वाकलेल्या होत्या म्हणून त्यांना माझं तोंड दिसलं नाही, तेवढं एक बरं झालं. मी मानेच्या मणक्यावर टेप ठेवला आणि कमरेच्या खाली वीतभर नेला.

"लवकर कर ना व, कंबर भरून आली," काकी म्हणाल्या. "अन मायी जाऊबी येनार हाये. सकारी कवा उघडतेस?"

त्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर नागपूरला मी अजून काहीच कळवलेलं नव्हतं.

"आठले," मी म्हटलं. "रोज आठले."