पानदानातली अर्धी गोळी

“मोठ्यांच्या पानदानात काय आहे, ते विचारायचं नाही!” हा आमच्या घरातला पहिला नियम. तो पाळता पाळता माझ्याकडे इतके किस्से साठले, की आता पोट फुटायची वेळ आलीय.

इथे बंगळुरूत, बसवनगुडीत दर रविवारी बाबांच्या रिटायर्ड इंजिनिअर मित्रांचं जेवण असतं. आधी व्हिस्की, मग जेवण, मग वसंतकाकांचं पानदान. त्यात सुपारी, बडीशेप आणि एका खणात मोडून ठेवलेल्या झोपेच्या गोळ्या. कुणालाही झोपेचा त्रास नाही. “हलकं वाटतं गं! स्वल्पच घ्यायची,” काका म्हणतात.

माझा बिअरच्या ग्लाससोबतचा फोटो वसंतकाकांनी पाहिला आणि व्यसनांवर प्रवचन सुरू केलं. “तुमच्या पिढीला कसलं भानच...” एवढं म्हणाले आणि हनुवटी श्रीखंडात! सगळे म्हणाले, “दमलाय बिचारा.”

त्यांची बायको, सुलूकाकू, भजनाला गोळी घेऊनच बसते. एकदा एकच ओळ घोळवत राहिली, पुढे जाईचना. डोळे मिटलेले, टाळ कधीच हातातून पडलेला. बाकीच्या बायका पाया पडल्या! म्हणे, समाधी लागली.

काका मध्यंतरी लेकीकडे पुण्याला गेले आणि गोळ्या इथेच विसरले. तिकडे हात थरथरायला लागले, घाम फुटला, झोप उडाली. परत आल्यावर निदान केलं, “पुण्याचं पाणी बाधलं.” आणि अर्धीची अख्खी केली.

बाबा तर थोरच! व्हिस्कीवर गोळी घेतली, की मघाशी घेतल्याचंच विसरतात. एका रविवारी मी ओरडले, “बाबा, आत्ताच घेतलीत की!” काका म्हणाले, “त्याला आठवत नाही ना? मग घेतली नसणार.” आयुष्यभर मशिनं तपासलेली माणसं ही!

गेल्या रविवारी बाबा जेवणानंतर खुर्चीतच घोरायला लागले. “झोपू दे त्याला,” काका म्हणाले. थोड्या वेळाने घोरणं थांबलं. मी पाहिलं तर ओठ काळेनिळे, श्वास अडकत अडकत येतोय. हलवलं, चिमटे काढले, तरी डोळा उघडेना. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. मागोमाग सगळी मंडळी रिक्षा करून हॉस्पिटलात आली.

आत बाबांना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन इंग्रजीत विचारलं, “यांनी काय घेतलंय?”

“नथिंग, डॉक्टर. जेवण जरा जास्त झालं,” काका म्हणाले. मग मला हळूच मराठीत, “तू गप्प बस हं. चार लोकांत बाबांची अब्रू आहे.”

“नाही बसणार! अब्रूला ऑक्सिजन लागत नाही, काका. बाबांना लागतोय.”

डॉक्टरांना मी कन्नडमध्ये सांगितलं, शेजारच्या नर्सलाही कळावं म्हणून. व्हिस्की. त्यावर झोपेच्या गोळ्या, एकाहून जास्त. दिल्या ह्या काकांनी. आणि इथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी आज त्याच घेतल्यात.

डॉक्टर धावत आत गेल्या. नर्स मात्र थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, “तुमच्यापैकी कुणी किती घेतल्या?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी जमिनीकडे.