डागाचा नंबर

दादा गेला त्या दिवशी मी अलिबागला कॉलेजात होते. वहिनीचा फोन आला. मी रिक्षा करून रेवदंड्याला गेले. बेकरी बंद होती.

त्याला आता आठ महिने होतील. भेटायला येणारे दादाच्या पावाबद्दल बोलतात. मला त्याचा बर्नर आठवतो, आणि तो आठवला की मान वर होत नाही.

आमची भट्टी डिझेलवर चालायची. दर पाच-सहा महिन्यांनी दादा बर्नर खोलून नॉझल बदलायचा, जाळी धुवायचा आणि मग हवेची झडप लावायचा. हवा कमी पडली तर धूर आणि काजळी. जास्त झाली तर उष्णता धुराड्यातून बाहेर. यातली मधली जागा तो ज्योतीच्या आवाजावरून जवळपास गाठायचा, पण कानावर विसंबायचा नाही. धुराड्याला पाडलेल्या भोकात हातपंपाची नळी घालून दहा वेळा दट्ट्या ओढायचा. आतला धूर पांढऱ्या कागदाच्या पट्टीतून जायचा आणि पट्टीवर गोल डाग उठायचा. तो डाग एका कार्डावरच्या करड्या छटांशी जुळवायचा. शून्य म्हणजे कोरा, नऊ म्हणजे काळा. दादाला एक लागायचा. दोन आला तरी तो पुन्हा झडपेपाशी जायचा.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्याला छटा कळेनाशा झाल्या. ऑपरेशन तो गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर असं पुढे ढकलत राहिला. वहिनी त्या कार्डाच्या वाटेला जायची नाही. म्हणून बर्नर लावायचा तो रविवारी, मी माहेरी आले की.

त्या रविवारी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले होते. गुण सोमवारी द्यायचे होते.

"बाई, जरा इकडे या," दादाने भट्टीजवळून हाक मारली. कॉलेजात लागल्यापासून तो मला बाईच म्हणायचा. "आमचाही पेपर तपासा."

मी लाल पेन हातात ठेवूनच गेले. पट्टी दाराशी नेऊन उजेडात बघायची, हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी नेली नाही. चष्मा कपाळावर होता, तोही खाली ओढला नाही.

"एक," मी म्हणाले.

"नीट बघ गं. नापास केलंस तरी चालेल."

"एकच आहे रे दादा. झालं."

त्याने झडपेचा स्क्रू आवळला. मी परत जाऊन बसले आणि एका मुलीला अर्धा गुण द्यावा की नाही, यावर पाच मिनिटं विचार केला.

दोन आठवड्यांत धुराड्यात काजळी बसली आणि धूर मागे फिरून भट्टीत शिरू लागला. रोज पाव नेणाऱ्या कोळणीने पिशवी गल्ल्यावर आपटली. "भाऊ, यो पाव हाय का बोटीचं इंजिन हाय?" दादा हसला आणि पाव परत घेतले. हे मला वहिनीने सांगितलं.

पुढच्या रविवारी त्याने अलिबागहून मेकॅनिक बोलावला. त्याने धुराडं साफ केलं, पंप मारला आणि पट्टी दाराशी नेऊन धरली.

"पाच. हे लावलं कोणी?"

"मीच," दादा म्हणाला. "डाग बहिणीने वाचला होता, पण तिचं चुकायचं नाही. ती पेपर तपासते. माझ्याच हातून स्क्रू ढिला राहिला असणार."

"काका, आता हे आमच्यावर सोडा."

"हो," दादा म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होते. कप खाली ठेवले आणि साखर पुरे आहे का, असं मेकॅनिकला विचारलं.

त्यानंतर दादाने बर्नरला हात लावला नाही. मेकॅनिक आला की तो बाहेर बाकावर जाऊन बसायचा. आतून ज्योतीचा आवाज बदलला की मान किंचित वळायची, पण उठायचा नाही. मी दोनदा सांगायचं ठरवून गेले. एकदा तो झोपला होता. दुसऱ्यांदा जागा होता.

बेकरी वहिनीने चालू ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती सांगते, "शेवटी शेवटी ह्यांना बर्नर जमत नव्हता." मी तिथेच बसलेली असते.