उकळे मिस्त्री

मिस्त्रींचं आडनाव काय, हे गिऱ्हाइकांना कधी कळलंच नाही. सगळे त्यांना उकळे मिस्त्री म्हणत. उघड्यावरचं काम असलं, की आलेल्या प्लायवुडचा एक तुकडा कापून ते घरी आणत आणि दिवसभर पाण्यात उकळत. थर सुटले नाहीत, तरच माल कामाला लावत. या खटाटोपात बायकोची तीन पातेली वाया गेली होती. "आज जेवायला फळीच का?" हा घरातला जुना विनोद होता.

एकदाच त्यांनी उकळलं नाही. शाळेच्या मैदानावर व्यासपीठ बांधायचं होतं आणि माल आला बायकोच्या धाकट्या भावाच्या नव्या दुकानातून. "दाजी, आता माझाही माल उकळणार की काय?" मेहुण्यानं हसतच विचारलं. मिस्त्रींना भीड पडली. फळ्यांवर पाण्यात टिकण्याचा शिक्का तर होताच. तुकडा तेवढा सवयीनं पिशवीतून घरी आला आणि कोपऱ्यात पडून राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते. बायको पातेलं घेऊन समोर उभी राहिली.

"अहो, हे बघा."

पाण्यात तुकडा नव्हताच. नुसते सुटे पापुद्रे तरंगत होते.

"तू कशाला उकळलंस?"

"तीस वर्षांची सवय. काल दिसला, ठेवला गॅसवर."

तीन दिवस पावसानं झोडपलं होतं. व्यासपीठ छातीइतकं उंच, आणि दहा वाजता त्यावर साठ मुलं गायला उभी राहणार होती. मिस्त्रींची नात पहिल्याच रांगेत. साडेनऊ वाजून गेले होते आणि शाळेत फोन कुणी उचलेना. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी सायकल हाणली.

पोचले तेव्हा मुलं पायऱ्यांशी रांग लावून उभी होती. नातीनं एक पाय वर टाकलाही होता.

"खाली उतर! कुणीही वर चढायचं नाही!"

मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. "मिस्त्री, अहो, पाहुणे येऊन बसलेत. परवा तुम्हीच म्हणालात ना, हत्ती नाचवा म्हणून?"

"म्हणालो होतो. चुकलो."

"पण इतकं छान तर दिसतंय!"

रंग खरोखरच नव्यासारखा चकाकत होता. मिस्त्री व्यासपीठाखाली शिरले, पटाशी काढली आणि फळीला खालून टेकवून दाबली. हातोडी लागलीच नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत चकचकीत रंग फुटला आणि पटाशीचं टोक वर आलं.

मुलं मैदानातल्या चिखलात उभी राहून गायली. "उकळे मिस्त्री यंदा उकळायला विसरले," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "ताई, सख्ख्या भावाचा माल उकळून बघितलास? चारचौघांत नाक कापलंस माझं."

"पहिल्या रांगेत तुझीही नातच होती रे," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मिस्त्री ओशाळून म्हणाले, "तुझ्या भावाला वाईट वाटेल म्हणून मी उकळलं नाही. बरं झालं तुला सवय होती."

ती पातेलं घासत होती. मान वर न करताच म्हणाली, "सवय कसली? तुम्ही उकळत नाही म्हटल्यावर दोन दिवस झोप नव्हती मला. भाऊ माझा आहे. मी ओळखते त्याला."